मोठी चाल

मीरा रोड (पूर्व)
१४ फेब्रुवारी १९८८

ताई,

तुझं पत्र मंगळवारीच मिळालं, उत्तराला रविवार उजाडला. कारण पाणी. नळाला दिवसाआड येतं, तेही वीस मिनिटं. बाकी सगळं टँकरवर. टँकरचा हॉर्न वाजला की चारही मजल्यांवरच्या बायका हंडे घेऊन खाली. पण घर छान आहे गं. दोन खोल्या, संडास घरातला, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट मिठागरं दिसतात. गिरगावच्या त्या एका खोलीत आपण सहाजण कसे मावत होतो, आता नवल वाटतं.

इतक्या लांब करमतं का, म्हणून विचारलंस. रविवारी करमतं. दुपारची जेवणं झाली की समोरच्या पाटलांकडे पत्ते बसतात. शिवदास पाटील इथलेच, नवघर गावातले. आमची बिल्डिंग त्यांच्याच जुन्या भातशेतावर उभी आहे. आता रेती-विटांचा धंदा करतात. त्यांच्या बायको मंजुळाताई. खालच्या मजल्यावरचे धर्मेशभाई, त्यांचं केबिन रोडला स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. आणि आम्ही दोघं. खेळ तीन पत्ती. कपाळाला हात लावू नकोस, पैसे नाहीत, चिंचोके. प्रत्येकाला पन्नास. महिनाअखेरीला ज्याच्याकडे सगळ्यात कमी, त्याने समोसे आणायचे.

खेळ सोपा आहे. प्रत्येकाला तीन पानं. आपापल्या पाळीला चिंचोके मध्ये टाकायचे, त्याला चाल म्हणतात. जोर वाटला तर चाल दुप्पट करायची. भीती वाटली तर पानं टाकून द्यायची. सगळ्यांनी टाकली तर उरेल त्याचा डाव, मग त्याच्या हातात काहीही असो. म्हणजे हातात काही नसताना नुसत्या चालीच्या जोरावर जिंकता येतं. तो ब्लफ.

मला तो जमत नाही. जितेंद्र म्हणतो, "तुझ्याकडे काही नसलं की तू डास मारल्यासारखी फाडकन दुप्पट टाकतेस. चांगली पानं असली की एकेक चिंचोका मोजून." खरंच आहे. तो मला दर वेळी पकडतो आणि सगळ्यांना सांगतो, "आमच्या हिला लपवता येत नाही, देवाने तिला झाकणच दिलं नाही." मी चिडते, पण खरं सांगू का, ऐकायला बरं वाटतं.

त्याचं माझ्या उलट. चांगली पानं आली की साहेब बडबड करतात, चहा मागतात, छोटी छोटी चाल करत सगळ्यांना आत ओढतात. काही नसलं की गप्प बसतात आणि एकदम मोठी चाल टाकतात. हे फक्त मला कळलंय. मी कोणाला सांगितलेलं नाही, आज तुला सांगितलं.

भावोजींना नमस्कार. उन्हाळ्यात या दोघं.

तुझी सुरू

*

धुळे
३ मार्च १९८८

सुरे,

पत्त्यांच्या पत्रावर हे पोट धरून हसले. म्हणाले, "मेहुणीबाई मुंबई सोडून जुगारी झाल्या." मला हसू आलं नाही असं नाही, पण एक सांगते. नवऱ्याबरोबर बाहेरच्या चार माणसांत खेळायचं तर हरत जा. हरणारी बायको सगळ्यांना आवडते. आणि जितेंद्ररावांचा स्वभाव तुला माहीत आहे. आपण माणूस ओळखतो, याचा त्यांना फार अभिमान. विमा कचेरीत दावे तपासून तपासून तसे झाले असतील.

इथे ऊन आताच तापायला लागलंय. आमच्या घराला येत्या मे महिन्यात दोन वर्षं होतील. वरचा रंग आत्ताच पोपडे धरतोय, कंत्राटदाराने फसवलं. उन्हाळ्यात यायला जमणार नाही.

तब्येतीला जप. डॉक्टरांकडे जाऊन आलीस का? काही असेल तर मला आधी कळव.

ताई

*

मीरा रोड
१२ एप्रिल १९८८

ताई,

तू म्हणालीस तशी हरत राहिले असते तर बरं झालं असतं.

झालं असं. मंजुळाताईंना माझी दया आली. गेल्या आठवड्यात एका दुपारी त्या पापड लाटायला आल्या होत्या, तेव्हा म्हणाल्या, "तुजं तोंड काय न्हाय सांगत गं. तुजा हात सांगतो. पानं काय बी असूं दे, हात एकसारखा चालव. आमटीत मीठ घालतंस तसा." मी म्हटलं बघू.

रविवारी चौथ्या डावाला मला पानं आली दुर्री, पंजी आणि नव्वी, तिन्ही वेगळ्या रंगांची. याहून भिकार पानं नसतील. टाकूनच देणार होते. पण मंजुळाताई माझ्याकडे बघत होत्या. मी दोन चिंचोके टाकले. पुढच्या फेरीला दोन. मग सावकाश चार. दुप्पट केली, पण डास मारल्यासारखी नाही. धर्मेशभाईंनी पानं टाकली, मग शिवदासभाऊंनी. मंजुळाताई आधीच बाहेर. राहिलो मी आणि जितेंद्र. तो बडबडत होता. चहा मागितला. म्हणजे त्याच्याकडे काहीतरी खरं होतं.

तो माझ्याकडे बघत होता, नेहमीसारखा, पुस्तक वाचतात तसा. मीही त्याच्याकडे बघितलं. म्हणाला, "हिच्याकडे कलर तरी आहे. ही हळू चालली की मी ओळखतो." मी मान खाली घातली, जणू पकडली गेले. तेही खोटंच. ते मला कोणी शिकवलं नव्हतं. आणि त्याने पानं टाकली. राजांची जोडी होती त्याच्याकडे. कलर म्हणजे तिन्ही पानं एकाच रंगाची, ती जोडीला हरवतात.

तिथे थांबायला हवं होतं. पानं न दाखवता गड्डीत सरकवायची असतात. पण मला राहवलं नाही, मी ती उलटी केली. धर्मेशभाई ओरडले, "अरे भाभी, तुम तो उस्ताद निकली!" शिवदासभाऊंनी मांडीवर थाप मारली. जितेंद्रही हसला, सगळ्यांच्या नंतर.

घरी आल्यावर मी कपडे घड्या करत होते. तो दारात उभा राहून म्हणाला, "तू माझ्या डोळ्यांत बघून खोटं बोललीस."

म्हटलं, "अहो, पत्ते होते."

"मान खाली घातलीस ती पत्त्यांत येते का? ती कुठे शिकलीस?"

मी घातलेली घडी मोडून पुन्हा घातली. मग म्हणाला, "सहा वर्षं मला वाटत होतं, हिचं मला सगळं कळतं." आणि चपला घालून खाली गेला.

दोन दिवस झाले. बोलतो, पण मोजून. काल विचारत होता, मी दुपारी कुठे गेले होते. मी भाजीला गेले होते, ताई. खरंच भाजीला. पण सांगताना माझाच आवाज मला खोटा वाटला.

सुरू

*

धुळे
२१ एप्रिल १९८८

सुरे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पत्त्यांचं काही नाही, ते तो विसरेल. मला वेगळीच भीती आहे आणि तीही तुला ठाऊक आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट त्याच्या कानावर जाता कामा नये. हे मी स्पष्ट लिहिते, म्हणजे तुझ्या मनात गोंधळ नको. तो नको म्हणत असताना तू आमच्या वास्तुशांतीला आलीस. दिवस राहिलेत, हे तुला इथे आल्यावर कळलं, आणि तीन दिवसांत ते गेलं. आपण त्याला मलेरिया सांगितला. तेव्हा सांगितलं असतं तर एक वेळ चाललं असतं. आता या मनःस्थितीत सांगितलंस तर तो म्हणेल, बायको दोन वर्षं खोटं बोलत होती आणि मेहुणी तिला सामील होती. तुझा संसार मोडेल. माझ्याही घरात काय होईल ते तू जाणतेस, ह्यांना त्यातलं अक्षर माहीत नाही.

गप्प राहा. गोड बोल. चार रविवार हर. आणि हे पत्र वाचून जाळून टाक.

ताई

*

मीरा रोड
१९ मे १९८८

ताई,

पत्र जाळलं.

पत्ते बंद झाले. जितेंद्र म्हणाला, रविवारी आराम हवा. मंजुळाताई दोनदा बोलवायला आल्या, मी डोकं दुखतंय म्हटलं. त्याने आतून ऐकलं आणि त्या गेल्यावर म्हणाला, "किती सहज म्हणालीस."

सगळं असंच. दूधवाल्याला विचारतो, काल किती दिलं. मी ब्लाऊज शिवायला मीरा रोड स्टेशनाजवळ गेले तर शिंप्याची पावती बघितली. रागावत नाही, आवाज चढवत नाही. रागावला असता तर मी भांडले असते. तो फक्त बघतो, आणि मग नजर काढून घेतो, आपलं चुकतंय असं वाटून. रात्रंदिवस त्याचं स्वतःशीच काहीतरी चाललेलं असतं. त्याचे गाल आत गेलेत.

आणि सगळ्यात वाईट काय सांगू? त्याचा संशय चूक नाही. त्याला वाटतं मी काहीतरी लपवतेय आणि मी लपवतेच आहे. दूध, शिंपी, भाजी, तो चुकीच्या ठिकाणी शोधतोय एवढंच.

मला सांगून टाकावंसं वाटतं. तू रागावशील म्हणून कळवते आहे. नऊ तारखेला दिवसभर मला पोळ्या लाटवेनात. तुला आठवली होती का ती तारीख?

सुरू

*

मीरा रोड
६ जून १९८८

ती. हंसाताईंना नमस्कार,

सुरुचीने मला धुळ्याचं सगळं सांगितलं आहे. लपवण्यासारखं आता काही राहिलेलं नाही. मला तुमच्याकडून फक्त एकदा ऐकायचं आहे, तिथे काय झालं होतं. कृपा करून खरं लिहा. हे पत्र मी पाठवलं हे तिला माहीत नाही.

जितेंद्र

*

धुळे
११ जून १९८८

जितेंद्ररावांस अनेक आशीर्वाद,

तुमचं पत्र पाहून आनंद झाला आणि थोडं हसूही आलं. धुळ्याचं 'सगळं' म्हणजे काय बाई? वास्तुशांतीचा स्वयंपाक कमी पडला आणि आयत्या वेळी जिलेबी बाहेरून आणावी लागली, ते? की ह्यांनी गुरुजींशी वाद घातला, ते? सुरू आली, चार दिवस राबली, मग मलेरियाने पडली. डास इथे मेले घोड्याएवढे. मी पंधरा दिवस तिला मुगाची खिचडी घातली आणि परत पाठवली. याखेरीज इथे काही घडलेलं नाही.

तिने आणखी काही सांगितलं असेल तर अशक्तपणात माणूस काहीबाही बोलतं. मनाला लावून घेऊ नका. तब्येतीला जपा, दोघंही.

आपली,
हंसा

*

मीरा रोड
१७ जून १९८८

ताई,

तुझं पत्र त्याने माझ्यापुढे ठेवलं. मी वाचलं. मग त्याने विचारलं, "हाही ब्लफ?"

मी तुला आधी कळवायला हवं होतं, ही माझी चूक. पण तो तुला लिहील असं मला वाटलं नव्हतं, आणि त्या आठवड्यात मी इतकी शांत होते की कोणाला पत्र लिहायचं सुचलंच नाही. आता सांगते.

पाच जूनला, रविवारी दुपारी, तो कपाटातून एक लिफाफा घेऊन आला आणि माझ्यासमोर बसला. म्हणाला, "मी तुझ्यावर संशय घेतोय, पण लपवतोय मीच." गेल्या दिवाळीच्या आधी तो एकटाच एका डॉक्टरकडे जाऊन तपासणी करून आला होता. डॉक्टरने सांगितलं, मूल होण्याची आशा फार कमी, दोष तुमच्यात आहे. आठ महिने हे घेऊन तो कचेरीत जात होता, ताई. रविवारी पत्ते खेळत होता, चहा मागत होता. आणि मी म्हणत होते, ह्याची चाल मला कळते.

तो रडत नव्हता. रिपोर्टाच्या कागदाची घडी नखाने पुन्हा पुन्हा दाबत होता. म्हणाला, "तुला जायचं असेल तर मी अडवणार नाही."

मग मी सांगितलं. आपल्याला एकदा झालं होतं, म्हटलं. सगळं सांगितलं, बसच्या प्रवासापासून. मग त्याने विचारलं, "माझं?" तसं नाही गं, संशयाने नाही. एखाद्याला बक्षीस लागलं की तो विचारतो ना, माझं? तसं. आणि मग तो रडला. रागावला तो दुसऱ्या दिवशी, पण तो राग साधा होता, माणसाचा. मला मेल्यासारखं झालं आणि बरंही वाटलं.

त्याने तुला लिहिलं ते विश्वास ठेवायला. मला पकडायला नाही. त्याला ते आणखी एका तोंडून ऐकायचं होतं, म्हणजे खरं वाटलं असतं.

आता तो म्हणतो, मी त्याची कीव करून एक मेलेलं मूल रचलं. "तुला वाईट वाटलं माझं, म्हणून तू तेही केलंस. त्या दिवशी मान खाली घातली होतीस तशीच." मी शपथ घेतली. तो म्हणाला, "शपथ घेऊ नकोस, मला आणखी भीती वाटते." तुझं एप्रिलचं पत्र दाखवता आलं असतं. ते मी तू सांगितलंस म्हणून जाळलं.

काल तो बाहेरच्या खोलीत झोपला. सकाळी डबा न घेता गेला. मी मंजुळाताईंकडे जाऊन बसले. त्यांना काही सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही, फक्त म्हणाल्या, "पोरी, हितंच जेव आज."

मला काय करावं कळत नाही. तू एवढं कसं लिहू शकलीस? जिलेबी, ताई?

सुरुची

*

धुळे
२२ जून १९८८

जितेंद्रराव आणि सुरू, दोघांना,

हे पत्र रजिस्टर्ड पाठवते आहे, म्हणजे हातात पडेल. एकत्र वाचा.

मागचं पत्र खोटं होतं. मी ते विचार करून लिहिलं. सुरूने मला फेब्रुवारीत लिहिलं होतं की तुमच्याकडे पानं नसली की तुम्ही गप्प बसता आणि मोठी चाल टाकता. तुमचं पत्र आलं चार ओळींचं. 'सगळं सांगितलं आहे.' काय सांगितलं, त्याचा एक शब्द नाही. मला वाटलं, ह्यांना काहीच माहीत नाही, मला घाबरवून काढून घ्यायचा बेत आहे. मी पत्ते कधी हातात धरले नाहीत आणि एवढी हुशारी केली. 'मूल' हा शब्द तुमच्याने लिहवला नसेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

खरं असं की नऊ मे १९८६ ला सुरू सकाळी मोरीत चक्कर येऊन बसली. मी तिला आमच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासून दोन महिने झालेत म्हणून सांगितलं. थोडं रक्त जात होतं. बाईंनी औषध दिलं आणि चिठ्ठी लिहिली.

ती चिठ्ठी सोबत आहे. ती मी दोन वर्षं माझ्या लुगड्यांच्या घडीत ठेवली होती. का ठेवली ते मला सांगता येणार नाही. तिच्यावर सुरूचं नाव आहे, तारीख आहे, आणि शेवटची पाळी कधीची ते धरून बाळंतपणाचा अंदाज आहे. तुम्हाला पुरावा हवा होता, तो हा.

पण त्याखाली आणखी एक ओळ आहे आणि ती तुम्ही दोघंही आज पहिल्यांदा वाचाल. 'आठ दिवस अंथरुणावरून उठायचे नाही.' बाईंनी मला बाजूला घेऊन तोंडीही बजावलं होतं. सुरू तेव्हा बाहेर बाकावर बसली होती. दुसऱ्या दिवशी दहा तारखेला वास्तुशांत होती. दीडशे पान. आमच्या सासूबाईंनी शेवटच्या क्षणी अंग काढून घेतलेलं, आचारी एकच. मी सुरूला सांगितलं, "बाई म्हणाल्या जरा जपून राहा." एवढंच. आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून तिने पुरणाची पातेली उचलली, दीडशे माणसांना वाढलं, पाट उचलले. मी बघत होते. एकदा म्हणाले, बस जरा. ती म्हणाली, झालंच. मी पुन्हा म्हटलं नाही. अकरा तारखेला ते गेलं.

सुरू, तू आजवर समजत आलीस की बसच्या प्रवासाने झालं, नवऱ्याचं ऐकलं नाहीस त्याची शिक्षा झाली. तू तसं म्हणून माझ्या मांडीवर रडलीस आणि मी तुझ्या डोक्यावरून हात फिरवला. तुला गप्प राहायला सांगितलं ते तुझ्या संसारासाठी, असं मी स्वतःलाही सांगत होते. तू नवऱ्याला सांगितलं असतंस तर त्याने डॉक्टरीणबाईंचं नाव विचारलं असतं. मला त्याची भीती होती.

विश्रांती घेऊनही ते टिकलं असतं की नाही, देव जाणे. बाई म्हणाल्या होत्या, सांगता येत नाही. पण मी तुला ती संधी दिली नाही, माझ्या घराच्या पूजेसाठी.

चिठ्ठी पाठवली नाही तर जितेंद्ररावांचा तुझ्यावर विश्वास बसत नाही. पाठवली तर तू मला अंतरतेस. दोन दिवस हे पाकीट उघडं ठेवून बसले होते. काल रात्री ह्यांनाही सगळं सांगितलं. ते अजून बोललेले नाहीत.

हंसा

*

मीरा रोड
१८ ऑक्टोबर १९८८

ताई,

तुझी जुलैतली दोन्ही पत्रं आणि भावोजींचं एक, तिन्ही मिळाली. उत्तर दिलं नाही. रागावले म्हणून नव्हे, असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. रागावूनच नाही दिलं.

रजिस्टर्ड पत्र आलं तेव्हा जितेंद्र घरी होता. त्याने चिठ्ठी आधी वाचली. तारीख, मग माझं नाव, मग पुन्हा तारीख. बाळंतपणाच्या अंदाजावर बोट ठेवून बसला. डिसेंबर. म्हणाला, "आत्ता दीड वर्षाचं असतं." मग खालची ओळ वाचली आणि तुला नको ते बोलला. मी त्याला थांबवलं नाही. नंतर मी स्वयंपाकघरात गेले आणि तिथे मला आठवलं, त्या दिवशी पुरणाचं पातेलं उतरवताना तू एकदा माझ्या हातातून घ्यायला आली होतीस आणि कोणीतरी तुला हाक मारली, म्हणून गेलीस. ते खरंच झालं होतं, की मी तुझ्या बाजूने काहीतरी शोधतेय, मला कळत नाही. चार महिने हेच चाललंय. एक दिवस तू मला सख्खी बहीण वाटतेस, दुसऱ्या दिवशी तुझं अक्षर बघवत नाही.

माझं आणि जितेंद्रचं काय म्हणशील तर एका रात्रीत काही सरळ झालं नाही. त्याने माझी माफी मागितली, मी त्याची. पण माफी मागून झाल्यावरही तो कधी कधी बोलता बोलता माझ्याकडे बघतो आणि थांबतो. मीही थांबते. पूर्वी तो माझं तोंड वाचायचा आणि मोकळा व्हायचा. आता विचारतो. "खरंच बरं वाटतंय का तुला?" आणि उत्तर ऐकून घेतो. त्याला वेळ लागतो. मला तर सांगायलाच वेळ लागतो, कारण विचारल्यावर कळतं की आपल्यालाही माहीत नसतं.

सप्टेंबरात आम्ही दोघं मिळून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. चिठ्ठी बरोबर नेली होती. त्यांनी फार आशा दाखवली नाही आणि दारही लावलं नाही. औषधं चालू आहेत. परतताना आम्ही उत्तनच्या बसमध्ये बसलो, काही कारण नसताना, वाटेतल्या डोंगरी गावाला उतरलो आणि रस्त्याच्या कडेच्या एका चर्चच्या पायरीवर बसून शेंगा खाल्ल्या. कोणाला काही सांगायचं नव्हतं, कुठे जायचं नव्हतं. तिथे त्याने विचारलं, मुलगी असती तर तू नाव काय ठेवलं असतंस?

मी ठरवलेलं होतं, ताई. त्या नऊ तारखेला, डॉक्टरीणबाईंच्या बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्याच ठरवलं होतं. दोन वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. त्याला सांगितलं. त्याने ते एकदा मोठ्याने म्हणून बघितलं.

ते नाव मी तुला लिहिणार नाही. लपवत नाही, सांगतेच आहे की नाव आहे. पण ते आमच्या दोघांचं आहे.

भाऊबीज झाली की ये. एकटी ये. वास्तुशांत, पूजा, काही नाही, नुसती ये. मी तुझ्याशी नीट बोलेन असं वचन देत नाही. कदाचित भांडेन. जितेंद्र म्हणाला, स्टेशनवर घ्यायला तो येईल.

सुरू